ऑटोमॅटिक अपडेट मी बंद केलं होतं

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या अवसरी बुद्रुकच्या घरी म्हैस आटली की सासूबाई कुणाची नजर लागली ते शोधायला बसायच्या, आणि चारा बदलला म्हणून आटली, असं म्हणत मी त्यांच्याशी वाद घालायचे. इथे लोक लिहितात ते असले अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर निम्म्या वेळा वैतागून वाचते. त्यामुळे आज स्वतःच एक लिहायला बसलेय याचा मला आधी स्वतःचाच राग येतोय.

आणखी एक. खाली कुणीतरी लिहिणारच – "ताई, व्हायरस असेल." कृपया लिहू नका. ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत. व्हायरस नव्हता. कशावरून नव्हता ते पुढे येईलच.

गोष्ट मंचरची आहे, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मंचरला एसटी स्टँडकडून बाजारपेठेत शिरलं की थोड्या अंतरावर एक कापडाचं जुनं दुकान होतं, आणि त्याच्या बाजूच्या बोळात आमचा गाळा. बाहेर बोर्ड होता – मराठी डीटीपी, लग्नपत्रिका, हँडबिल. आमचा म्हणजे माझा आणि कांचनचा.

कांचन त्या कापड दुकानवाल्यांची मुलगी. जैन, मूळचे राजस्थानचे, पण आजोबांच्या काळापासून मंचरलाच. घरात दोन शब्द मारवाडी, बाकी सगळं मराठी – आणि भांडण तर मराठीतच. तिचं लग्न मोडलं आणि ती माहेरी परत आली, तेव्हा तिच्या वडिलांनी तो गाळा तिला वापरायला दिला. आमची ओळख टायपिंगच्या क्लासमधली. मला शुद्धलेखन आणि मांडणी चांगली जमायची, तिला मशीन. दोघींनी मिळून सुरू केलं. गावोगावच्या यात्रांची हँडबिलं, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दशक्रियेची पत्रं... महाळुंगे पडवळपासूनची माणसं यायची. चांगलं चालायचं.

कांचनबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या काळात मंचरमध्ये सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर कॉपी केलेल्या सीड्या चालायच्या. कांचनने ओरिजिनल सीडी आणली होती. आणि त्या सिस्टीममध्ये ऑटोमॅटिक अपडेट म्हणून जी सोय असायची ती तिने कायम चालू ठेवलेली. इंटरनेटवरून आपोआप काहीतरी उतरायचं, आपोआप बसायचं, आणि मग खालच्या कोपऱ्यात एक चौकट यायची – कॉम्प्युटर रिस्टार्ट करायचाय, आत्ता की नंतर? लक्ष नसलं आणि उत्तर दिलं नाही, तर मशीन स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. तोपर्यंत सेव्ह न केलेलं काम गेलं.

माझं जायचं. नेहमी माझंच जायचं. आधीच लोडशेडिंग, इन्व्हर्टर किती वेळ साथ देईल याचा भरवसा नाही, त्यात हे. कांचनने त्याची वेळ आमच्या डब्याच्या वेळेला लावून ठेवलेली, कारण तेव्हा हात रिकामे असतात असं तिचं म्हणणं. माझे नसायचे. मी एका हाताने भाकरी खात दुसऱ्या हाताने प्रूफ तपासत असायचे. आम्ही यावरून कितीतरी वेळा भांडलो. मी म्हणायचे की हे बंद कर, आणि ती म्हणायची की तू सेव्ह करत जा. माझ्या खांद्यावरून वाकून तीच कंट्रोल-एस दाबायची आणि पुन्हा आपल्या डब्याकडे जायची.

अशी बाई. मशीनचं सगळं वेळच्या वेळी. आणि त्या वर्षी दिवाळीनंतर स्वतःला ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन दुकानात. दवाखान्यात जा म्हटलं की म्हणायची, एवढा पत्रिकांचा लॉट जाऊ दे. लॉट गेला की दुसरा लॉट. सुभाषभैयाने, म्हणजे तिच्या मोठ्या भावाने, शेवटी जबरदस्तीने पुण्याला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. आठवडाभरात ती गेली. डेंग्यू होता म्हणाले. मशीनच्या बाबतीत एक दिवस न चुकणारी बाई स्वतःच्या तापाला रोज "नंतर" म्हणत राहिली. मला रडू आलं नाही. मला राग आला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

तिची शोकपत्रिका मीच लावली. दुसरं कोण लावणार? त्याच मशीनवर, त्याच फॉन्टमध्ये. तिचं नाव टाइप केलं, मोठं केलं, मध्यभागी घेतलं – आणि कोपऱ्यातून ती चौकट वर आली. रिस्टार्ट नाऊ, रिस्टार्ट लेटर. तिच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर.

मी तिथल्या तिथे कंट्रोल पॅनेल उघडलं. ज्यांनी तेव्हाची सिस्टीम वापरलीय त्यांना आठवत असेल, तिथे एकाखाली एक गोल असायचे. सगळ्यात वर "ऑटोमॅटिक", सगळ्यात खाली "टर्न ऑफ". मी खालच्या गोलावर क्लिक केलं, ओके केलं. लगेच घड्याळाशेजारी एक लाल ढाल आली, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात असू शकतो म्हणाली. तीही बंद केली. मग शोकपत्रिका पुरी केली.

मला वाटलं, संपलं.

पुढच्या आठवड्यात एका शाळेची घटक चाचणीची प्रश्नपत्रिका लावत होते. उठून पाणी प्यायले, परत येते तो स्क्रीन काळा आणि मशीन पुन्हा सुरू होतंय. माझं सगळं पान गेलं म्हणून मी टेबलावर हात आपटला. सेटिंग बघितलं, तर खूण सगळ्यात वरच्या गोलात. ऑटोमॅटिक.

आपल्याच हातून ओके करायचं राहिलं असेल असं स्वतःला सांगितलं. मग फाइल उघडली. पान सगळं होतं, मी जिथे अर्ध्यावर उठले होते त्या शब्दापर्यंत. मी सेव्ह केलं नव्हतं. आणि आमच्या त्या सॉफ्टवेअरला आपोआप सेव्ह करायची सोय नव्हती, नाहीतर इतकी वर्षं आम्ही भांडलोच नसतो. तेव्हा मात्र मी यावर विचार केला नाही. पान वाचलं यातच मी खूश होते. पुन्हा बंद केलं, यावेळी दोनदा तपासून.

काही दिवसांनी पुन्हा तेच. डब्याची वेळ, चौकट, वरचा गोल.

आता माझा संशय सुभाषभैयावर गेला. कारण होतं. गाळ्याची दुसरी चावी त्यांच्याकडे असायची, आणि कांचनचं सगळं आटोपल्यावर ते एकदा येऊन म्हणाले होते की गाळा मोबाइलच्या दुकानाला द्यायचा विचार आहे, तुमची दुसरीकडे काही सोय होते का बघा. नीट, आदराने म्हणाले होते. पण म्हणाले होते. मला वाटलं, मी कंटाळून आपण होऊन जावं म्हणून हा माणूस मशीनशी खेळतोय. मी कापड दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांना विचारलं. इतकी वर्षं कांचनसारखीच मीही त्यांना भैया म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "सुभाषशेठ, माझ्या मशीनला हात कोण लावतंय?"

त्यांनी गल्ल्यातून चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

पासवर्ड बदलला. कुलूपही नवीन आणलं. आणि पुन्हा चौकट आली.

मग नारायणगावहून संतोषला बोलावलं. आमच्या भागातल्या बहुतेक डीटीपीवाल्यांची मशीनं तोच बघायचा. त्याने व्हायरस तपासला – नव्हता. तरी सगळं पुसून, फॉरमॅट मारून सिस्टीम नव्याने टाकली. अपडेट बंद केलं, आणि ज्याच्यावर ते चालतं ती आतली सर्व्हिससुद्धा बंद केली. म्हणाला, आता इंजिनच काढून ठेवलंय, गाडी कशी चालते बघू. दोन दिवसांनी चालली. तो पुन्हा आला आणि मशीन स्वतःच्या दुकानात घेऊन गेला. तिथे आठवडाभर दिवसरात्र चालू ठेवलं, नेट जोडून. एकदाही काही झालं नाही. बंद केलेलं बंदच. परत आणून आमच्या टेबलावर ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडला तोच चौकट. संतोष त्या दिवशीही कामाला मंचरमध्येच आला होता, फोन करून बोलावलं. त्याने कुठली अपडेट कधी बसली त्याची नोंद काढून बघितली. एकही बसलेलं नव्हतं. म्हणजे काही उतरलं नाही, काही बसलं नाही, आणि मशीन सांगतंय की बसवलंय, रिस्टार्ट करा. संतोषने आपली पिशवी आवरली. मग म्हणाला, "मॅडम, मला न्हाई सांगता येत हे काय आहे ते." आणि निघून गेला. नंतर कधी बोलावलं तर त्याला वेळ नसायचा.

घरी सासूबाईंना यातलं काही सांगितलं नव्हतं, पण मी चिडचिड करतेय हे त्यांना दिसत होतं. एकदा भाकऱ्या थापताना त्यांनी सरळ विचारलं आणि मी सांगून टाकलं. मला वाटलं, आता नारळ, लिंबू सुरू होणार. त्या तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "लई जीव व्हता तिचा तुझ्यावर. तू तिला काय बोलली का गेल्यापासून?"

मी म्हटलं, गेलेल्या माणसाशी काय बोलायचं?

"मग ती तरी काय करंल," त्या म्हणाल्या आणि पुढची भाकरी घेतली.

मला त्यांचाही राग आला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि मागे वाकून टेलिफोनची वायर मॉडेममधून उपटून काढली. मॉडेम कपाटात टाकला, कपाटाला कुलूप लावलं. म्हटलं, आता ये कुठून यायचं ते. कुणाला म्हटलं ते माझं मलाच माहीत नव्हतं.

आणि खरंच थांबलं. लग्नसराई सुरू झाली होती, पत्रिकांचा ढीग पडला होता. बरेच दिवस काही नाही. मी डबासुद्धा निवांत खायला लागले.

सुभाषशेठ आले ते अशाच एका दुपारी. बरोबर मोबाइलच्या दुकानवाला माणूस होता, गाळा बघायला. आधी निरोप पाठवला होता, त्यामुळे मी भांडायच्या तयारीनेच बसले होते. तो माणूस दारात उभा राहून भिंती न्याहाळत होता, शोकेस कुठे बसेल ते हाताने मोजत होता. सुभाषशेठ माझ्या टेबलापाशी आले, खाली बघत म्हणाले की घाई नाही, लग्नसराई होऊ द्या, मग बोलू. माझा डबा उघडा होता, दोन्ही हात डब्यावर. मी काहीतरी कडू बोलणार होते...

कोपऱ्यातून चौकट वर आली.

त्यांनाही दिसली. त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हटलं, अपडेट. मला वाटायचं तुम्ही करताय.

"पण नेट कुठाय?"

मी मागे बोट दाखवलं. ते वाकून बघून आले. वायर भिंतीला लोंबत होती, तिच्या टोकाला कोळिष्टक धरलं होतं. चौकटीतली पट्टी हळूहळू भरत होती – ती भरली की मशीन स्वतः बंद होणार. सुभाषशेठ माझ्या खुर्चीमागे उभे राहिले, अगदी जवळ, जिथे कांचन उभी राहायची. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या डब्याकडे. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मला भीती वाटली नाही. हे मी शपथेवर सांगते, लोकांना खरं वाटत नाही. मला नुसता संताप आला. इतक्या महिन्यांचा एकदम. तो सुभाषशेठचा नव्हता, मशीनचाही नव्हता. माणूस गेला, गाळा चालला, सगळं माझ्या अंगावर टाकून गेली ती, आणि वर हे – अजून तिचंच चाललंय.

मी आवाज चढवला नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलतात तशी बोलले. म्हटलं, "कांचन, बास आता. ताप अंगावर काढलास तेव्हा मला विचारलंस? गेलीस तेव्हा विचारलंस? मग आता माझ्या कामात लक्ष घालू नकोस. दुकान मी बघते. मशीन मी बघते. मी बंद म्हटलं म्हणजे बंद."

पट्टी थांबली. अर्ध्यापेक्षा थोडी पुढे होती, तिथेच थांबली. मग चौकट गेली. मी माउसला हात लावला नव्हता, माझे हात डब्यावरच होते आणि सुभाषशेठचे माझ्या खुर्चीच्या पाठीवर. मशीन बंद झालं नाही. समोर कुणाची तरी लग्नपत्रिका होती ती तशीच राहिली.

दारातल्या मोबाइलवाल्याला यातलं काही दिसलं नसणार. त्याला दिसली ती कॉम्प्युटरला रागावणारी एक बाई. तो येतो म्हणाला आणि गेला, आणि पुन्हा आला नाही. त्याचं मला हसू येतं अजून.

मी सेटिंग उघडून बघितलं. आजवर जेव्हा जेव्हा चौकट आली होती तेव्हा खूण वरच्या गोलात सापडली होती. या वेळी ती सगळ्यात खाली होती. टर्न ऑफ.

सुभाषशेठ समोरच्या स्टुलावर बसले. कांचनच्या स्टुलावर. डोळे पुसून म्हणाले, "आमच्या घरात सगळे रडले. तिला रागावलं कुणीच नाही."

जाताना गाळ्याचं काही बोलले नाहीत. दारात वळून एवढंच म्हणाले की दुकान नेहमीसारखं उघडा. मी म्हटलं, हो भैया. गाळा आजही माझ्याकडेच आहे.

हे जसं घडलं तसं लिहिलंय. मी शोधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. नंतर नेटवर वाचलं, माहीतगारांना विचारलं. सर्व्हिस आपोआप चालू होऊ शकते म्हणे. होऊ शकत असेल. पण मग संतोषच्या दुकानात का झाली नाही? वायर नसताना चौकट कुठून आली? सेव्ह न केलेलं पान कुणी सेव्ह केलं? आणि मी बोलल्यावरच का थांबलं? एकानेही सगळ्याचं एकत्र उत्तर दिलं नाही. एक तुकडा सोडवतात आणि बाकीचे माझ्याकडे ठेवून जातात.

पुढे मी वायर परत जोडली. अपडेट हवीतच, नसली तर मशीन खराब होतं, एवढं मलाही कळतं. मीच माझ्या हाताने ऑटोमॅटिक केलं. ती येतात, बसतात, चौकट येते, जशी जगात सगळ्यांना येते.

पण कधीमधी, दुकानात कुणी नसलं की, मी सेटिंग उघडून ते मुद्दाम बंद करते. डबा उघडते. माझी भाकरी संपते, मी डबा धुऊन आणते आणि बघते. बंदच असतं. दुसऱ्या दिवशी बघते, तरी बंदच. ते मशीन जाऊन दुसरं आलं, त्याच्यावरही करून बघितलं. बंद केलं की बंद राहतं.

मी रागात बोलले होते. एवढं मनावर घ्यायचं असतं का, कांचन?